न विचारणारी कमांड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की भलतंच काहीतरी बोलून उठतो.

नव्वदीची अखेर. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही लिनक्सवर प्रोग्राम लिहायचो. तिथे प्रत्येकाची एक लपलेली फाईल असते — लॉगिन केलं की मशीन ती वाचतं आणि तुमच्या सवयींप्रमाणे वागतं. माझी फाईल मी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली. इतकी, की बाकीच्यांची मशीन्सही तीच वाचायची. मला त्याचा गर्व होता — का नसावा?

त्यात एक ओळ होती. फाईल पुसायची कमांड दिली की मशीन आधी विचारायचं, पुसू का? खडवलीहून येणारा विलास नवा होता, अजून कायम व्हायचा होता. त्याला मीच शिकवलं — सगळ्या फाईलींवर कमांड दे, मग एकेकीला हो-नाही म्हणत जा. सोपं पडतं.

एके सकाळी मी ती ओळ काढली. सारखं काय विचारायचं, आपण काय शिकाऊ आहोत? एवढंच मनात होतं. माझी फाईल विलासही वाचतो, हे — विसरलो. इथपर्यंत ती चूकच होती.

दुपारी विलास म्हणाला, “अरे, यानं विचारलंच नाही.”

एका कारखान्याच्या पगाराचा त्याचा सगळा प्रोग्राम गेला होता. मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? साहेब त्याच्या टेबलाशी पोचेपर्यंत ती ओळ परत लिहून ठेवली.

“सर, हे नेहमी विचारतं. आज नाही विचारलं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विलासला पुन्हा लॉगिन करायला सांगितलं, एक रिकामी फाईल पुसायला लावली. मशीननं विचारलं.

“विचारतंय की,” साहेब म्हणाले.

विलास स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मीच हो दाबलं असेल.”

तो कायम झाला नाही. खोटं बोललो म्हणू का? मी तर एक शब्दही खोटा बोललो नव्हतो — आणि नेमकं तेच मला आजही गिळता येत नाही.

पुढे कल्याणच्या बाजारात तो भेटला. मेहुण्याच्या धान्याच्या दुकानात बसायचा. “ये रे, गुरू,” म्हणाला, आणि आपल्या बायकोला सांगू लागला, “मला यानंच शिकवलेलं. मीच धांदरट.” ती हसली. “अजून तसेच आहेत. दुकानाचं कुलूप लावतात, कोपऱ्यापर्यंत जातात, परत येऊन ओढून बघतात.”

“काय करणार,” विलास म्हणाला, “हातानं केलेलंही मला खरं वाटत नाही रे.”

तिनं चहा दिला. मी तो सगळा प्यायलो, कप खाली ठेवला आणि निघालो.