दहिसरच्या भेंडीचं पाणी

मुंबईत राहून पावसापाण्याची मनापासून काळजी करणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दहिसरला नदीच्या अंगाला, टॉवरांच्या मधल्या खळग्यात मामांची वडिलोपार्जित जमीन आहे. एवढीशी, की वरच्या मजल्यावर कुणी चादर झटकली तर सगळ्या वाफ्यांवर धूळ पडावी. पण बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात मामा स्वतःची ओळख करून देतात ती "शेतकरी, दहिसर" अशीच. जमीन मागायला येणाऱ्या एजंटांना ते चहा पाजतात, मुळ्याची जुडी देतात आणि "पुन्हा या, तोवर माठाची भाजी तयार होईल," असं म्हणून वाटेला लावतात. भेंडीशी तासन्‌तास बोलतात. मामी म्हणते, "माझ्याशी एवढं बोलले असते तर संसार झकास झाला असता."

असे हे मामा मागच्या उन्हाळ्यात थेट पोलीस चौकीत पोचले. त्यांची आणि शेजारच्या वसंताची विहीर सामाईक. वसंताने भाजी सोडून फुलझाडांची नर्सरी टाकली होती. पाणी पुरेना, तेव्हा त्याने मामांकडे येणारा पाट सिमेंटने बुजवला. ऐन बहरातली भेंडी माना टाकू लागली. मामा समजवायला गेले, तर वसंत म्हणाला, "मामा, तुमची भाजी घरात खायची. माझं पोट आहे यावर." मामांचं डोकं फिरलं. पहार घेऊन ते पाट फोडायला निघाले. पण नेम चुकला. सिमेंट जागेवरच राहिलं, वसंताच्या बाजूची कड ढासळली, आणि पंपाचं पाणी धो धो त्याच्या गुलाबाच्या कोवळ्या कलमांत शिरलं.

तक्रार द्यायला दोघे एकाच रिक्षातून निघाले, कारण दुसरी मिळेना. मधे मी. एकाच्या हातात वाळकी भेंडी, दुसऱ्याच्या हातात चिखलातलं कलम.

"दहिसरला पाण्यावरून भांडण?" चौकीतल्या फौजदार बाई हसल्या. "माहेरी आल्यासारखं वाटलं. बरं, नुकसान कोणाचं जास्त?"

मामांनी रस्ताभर भाषण घोकलं होतं. पण त्यांची नजर त्या कलमावर गेली आणि भाषण बाजूलाच राहिलं.

"याचं लिहा," ते म्हणाले. "माझी भेंडी तहानेनं गेली. याची कलमं माझ्या हातानं गेली. त्या कलमांनी माझं काय घोडं मारलं होतं?"

वसंत गडबडला. "तसं नाही बाई. पाट आधी मीच बुजवला ना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्या गावी पाण्याची पाळी लावतात. सकाळी एकानं, संध्याकाळी दुसऱ्यानं. जमेल?"

जमलं. मामा तर स्वतःच्या पाळीत वसंताच्या उरलेल्या कलमांनाही पाणी सोडू लागले, शेवटी वसंतच ओरडला, "मामा, बस करा, मुळं कुजतील!"

परवा गेलो होतो. हल्ली टॉवरची सावली दुपारीच वाफ्यांवर उतरते, आणि मामा बसताना गुडघ्यावर हात टेकतात. बांधावर दोघे फणसाचं रोप लावत होते.

"याला फळ कधी धरेल?" मी विचारलं.

"बरीच वर्षं लागतील रे," मामा म्हणाले.

"लागू देत," वसंत म्हणाला. "पाणी घालायला मी आहे ना."

मामांनी मान हलवली, आणि माती दाबायला मलाही खाली बसवलं.