चारूचा साखरपुडा आणि पाच व्होल्ट

मिल बंद पडली, पण तिथला इलेक्ट्रिशियन मात्र चालूच राहिला. तो मी. अंगात करंट भरपूर, लावायचा कुठे? घरातला मिक्सर, शेजाऱ्यांची कॉलबेल, वहिनींची इस्त्री, सगळं मी खोलून ठेवलं होतं. (काही परत जोडलंही होतं.)

अशात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, नवी गाडी घेतली. परदेशी कंपन्यांना बाजार नुकता खुला झाला होता आणि इंदुरात कधी न पाहिलेल्या गाड्या पळत होत्या. ही तर कॉम्प्युटरवाली! दादा म्हणाला, "बाळ्या, हिच्याकडे नुसतं बघायचं. हात खिशात!"

पुतणी चारूच्या साखरपुड्याला आम्ही त्या गाडीतूनच सिमरोलला, मुलाकडे निघालो. राजेंद्र नगर सोडलं आणि गाडीने आचके दिले, खोकली आणि भर रस्त्यात गप्प झाली.

"मुहूर्त टळणार!" वहिनी.

"काका, काही तरी करा ना!" चारू.

दादाने माझ्याकडे बघितलं. माझे हात खिशातून कधीच बाहेर आले होते, व्होल्ट मोजायच्या मीटरसकट! (हो, साखरपुड्याला जाताना मी मीटर घेतला होता. लोक अत्तर लावतात.)

बॉनेट उघडून मी म्हणालो, "हा कॉम्प्युटर सगळ्या सेन्सरांना पाच व्होल्ट देतो. त्यावरच त्याचा सगळा हिशोब." मीटर लावला. जेमतेम एक व्होल्ट!

"म्हणजे?"

"कॉम्प्युटर गेला!"

दादाने कपाळावर हात मारला. तोवर गर्दी जमली होती. एकाच्या हातात पोह्यांचा दोना. "क्या हुआ भिया? पेट्रोल तो है ना?"

मग माझ्याच डोक्यात उजेड पडला. "थांब दादा! एकच सेन्सर आतून शॉर्ट असला तरी तो सगळी लाइन खाली ओढतो. एकेक काढून बघू. व्होल्ट परत आले की चोर सापडला."

"आणि नाही आले तर?"

"तर कॉम्प्युटर गेला."

"तू बोलूच नकोस रे!"

पहिल्या सेन्सरचा प्लग काढला, काही नाही. दुसरा, तसंच. वहिनी घड्याळ बघायच्या, मग मला, मग पुन्हा घड्याळ. माझ्या कुर्त्यावर ग्रीसची नक्षी उमटत गेली. आणखी एक प्लग ओढला आणि मीटरचा आकडा टुणकन पाचावर!

"मिळाला!" मी असा ओरडलो की पोहेवाल्याचा दोना पडला.

आता नवा सेन्सर आणायचा कुठून? बिघडलेला तसाच सुटा ठेवला, बाकीचे लावले. गाडी सुरू झाली, पण अंगात ताप असल्यासारखी. चढावर सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. वरून ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "धक्का लगाऊँ क्या?" दादाने काच वर घेतली.

पोचलो तेव्हा गुरुजींनी घड्याळ बघणं सोडून दिलं होतं. चारू धावत आत. मी उतरलो, तर मुलाचे वडील समोर. माझा कुर्ता, हातातला मीटर बघून त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं मिस्त्री, तुम्ही आलात! पंप पाणीच चढवत नाहीये हो, आणि एवढे पाहुणे!"

'मी मुलीचा काका' असं सांगायला मी तोंड उघडलं. निघालं मात्र, "पंप सिंगल फेज की थ्री फेज?"

साखरपुडा छान झाला म्हणतात. पाणीही चढलं. अल्बममध्ये सगळे आहेत, ट्रॅक्टरवाला सोडून. मीसुद्धा आहे. शेवटच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे पंपाच्या खोलीतून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. व्याही आजही पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात, "हे आमचे मिस्त्री. मुलीकडच्यांनी येताना सोबतच आणले होते!"