मालक अज्ञात

पोलिसातल्या नोकरीत चोरीचा माल पुष्कळ पाहिला, पण एका कळशीची ओळख पटवायचा तो दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

दिल्लीतून गुडगावला जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा नवा पैसा नवी घरं बांधत होता. आमच्या ठाण्याच्या हद्दीत एका बिल्डरने आधुनिक कलेचं संग्रहालय काढलं. संचालिका मराठी, तिशीतली, परदेशात शिकून आलेली. तिच्या पहिल्याच प्रदर्शनातून तांब्याची एक कळशी नाहीशी झाली. बिल्डरने तिला मॅनेजरसोबत तक्रार द्यायला पाठवलं. कळशीखालच्या पाटीवर होतं : 'विदर्भातील खेडे. मालक अज्ञात.'

फोटो पाहून मी चक्रावलो. कळशीच्या गळ्यावर बाईचं नाव घातलेलं होतं आणि पुढे 'आईकडून', लग्नातल्या भांड्यांवर आपल्याकडे घालतात तसं. म्हटलं, मालक तर इथेच लिहिलाय! त्यावर संचालिकाबाई एकदम इंग्रजीत बोलायला लागल्या. माणूस मध्येच भाषा बदलतो तेव्हा काहीतरी झाकत असतो, हा माझा अनुभव.

खबर संग्रहालयाबाहेरच्या चहावाल्याने दिली. "साहब, एक अम्मा थीं, आपकी तरफ़ की साड़ी में. झोला भारी था. आर. के. पुरम की बस पकड़ी."

तिथल्या सरकारी क्वार्टरांत मराठी घरं शोधायला वेळ लागला नाही. कळशी स्वयंपाकघरात पाण्याने भरून ठेवली होती. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी पदवीच्या झग्यातला फोटो होता, संचालिकाबाईंचा.

"पोरीनं मला सांगूनच नेली होती, साहेब," म्हातारी म्हणाली. "पण तिथं तिनं वडील अफसर म्हणून सांगितलंय. हे मंत्रालयात शिपाई. मी बघायला गेले, तर एक मराठी बाई पाटी वाचून हसली, अज्ञात कसली म्हणाली, आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं. कोणी विचारत घरी आलं असतं तर पोरीची नोकरी गेली असती. म्हणून उचलून आणली."

म्हातारीला कळशीसकट ठाण्यात आणून मॅनेजरदेखत मी संचालिकेला विचारलं, "वस्तू ओळखता?"

"हो."

"या बाईंना?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "नाही."

म्हातारी लगेच बोलली, "मैं भी नहीं जानती, साहब. चोरी मैंने की."

मलाच लाज वाटली. जबाबावर सही करायला पेन पुढे केलं, तर मुलीचा हात चालेना. शेवटी मॅनेजरला म्हणाली, "ये मेरी माँ हैं. पापा चपरासी हैं."

"अच्छा, घर का मामला है?" त्याने घड्याळ बघितलं. "पहले बोल देतीं, मैडम. चलो, निकलें?"

त्याला काहीच वाटलं नव्हतं. ज्यासाठी आईला नाकारलं, त्याची तिथे कोणाला फिकीरच नव्हती. मुलगी शरमेने अर्धी झाली आणि तोंड झाकून रडली.

गुन्हा दाखल झालाच नव्हता. तक्रार मागे घेतली गेली. संचालिकाबाई पुढे नावारूपाला आल्या. वस्तूची ओळख लोक चटकन पटवतात. माणसाची पटवताना आधी शेजारी कोण बसलंय ते बघतात, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

कळशी मी म्हातारीच्या हाती दिली. तिने ती पदराने पुसली आणि लेकीपुढे धरली.

"ने बाळा, तुझं काम अडायला नको. पाटी आहे तशीच राहू दे."

मुलीने हात पुढे केला नाही.