मान सरळच होती

बेकरीवाल्याला लोकांना हसवायची भारी हौस. गिऱ्हाईक पाव न्यायला यायचं आणि पावाबरोबर एखादी कोटी फुकट घेऊन जायचं. त्यामुळे मेंदूच्या संशोधन केंद्रात टेबलापलीकडच्या मुलीने गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारायला घेतले, तेव्हा त्याला तिच्यातही प्रेक्षकच दिसला.

तो तिथे आला होता बायकोमुळे. तिला कंपवात. हात थरथरायचा, पावलं जमिनीला चिकटल्यासारखी पडायची. हा आजार स्कॅनमध्ये किती लवकर आणि किती अचूक दिसतो, ते केंद्रातले डॉक्टर ताडून बघत होते. त्यासाठी आजारी माणसं हवीत, तशी तुलनेला धडधाकट माणसंही हवीत. बायकोशेजारी ताटकळत बसलेला नवरा त्यांना आयताच सापडला.

मुलीने झोपेचं विचारलं, हातापायांचं विचारलं. मग म्हणाली, "वास नीट येतो ना, काका?"

"बेकरीवाल्याला वास येईना झाला, तर लोकांना कोळसा खावा लागेल की!"

मुलगी खळखळून हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. वाक्य झकास पडलं होतं. फक्त ते खोटं होतं.

त्याच्या नाकाने केव्हाच दगा दिला होता. भट्टीसमोर तो पावाचा रंग निरखायचा, पाव पालथा करून बोटाने ठोकायचा, आवाजावरून ओळखायचा. जुनी सर्दी असेल, अशी स्वतःची समजूत घालायचा. बायकोचं दुखणंही नाकापासूनच सुरू झालं होतं, हे मात्र तो मनात येऊ देत नसे. घरात एकाने तरी धड असायला नको का? शिवाय बायको हल्ली त्याला 'आमचे निरोगी' म्हणायची. "आमचे निरोगी, जरा बटण लावून द्या." एवढ्या लाडाने मिळालेली पदवी कोण परत करील?

स्कॅन झाला. आधी इंजेक्शन, मग ते मेंदूत मुरेपर्यंत बाकावर बसून राहणं, मग त्या अरुंद पलंगावर उताणं. डोकं खोबणीत, कपाळावर पट्टा. चष्मेवाला टेक्निशियन हळुवार हाताचा. 'हलू नका, काका, मान अगदी सरळ,' असं लहान मुलाला सांगावं तसं सांगत राहिला. काका हलले नाहीत.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी त्याला बोलावून घेतलं. सगळी चित्रं त्यांनी नावं झाकून बाहेरच्या जाणकारांना दाखवली होती. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे उजळ आकार दिसतात, आजार शिरला की त्यांची शेपटी झडत जाते. बेकरीवाल्याच्या चित्रात एका बाजूची शेपटी नव्हती. जाणकारांनी त्याला सरळ आजाऱ्यांत टाकलं होतं.

"घाबरू नका, काका," बाई म्हणाल्या. "तुम्हाला एकही लक्षण नाही. डोकं कललं असलं की असं फसवं चित्र येतं. चूक आमचीच."

चष्मेवाला कोपऱ्यात उभा होता. "माफ करा, काका. पट्टा मीच बांधला होता."

त्याला त्या यंत्रावरून काढलंय, असं बाईंनी सांगितलं. हे बोलतानाही त्यांचा आवाज चढला नाही.

सगळे त्याच्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. जन्मभर वाक्यं फेकत आलेल्या त्या माणसाला नेमकं तेवढंच सुचलं नाही. त्याने पुढे होऊन चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रे. होतं असं कधीकधी."

म्हणजे त्याने उदार मनाने क्षमा केली! दाराबाहेर आल्यावर तोच हात त्याने चोरासारखा पाठीमागे लपवला.

त्यानंतर बायकोला तपासणीला न्यायचं म्हटलं की तो आधी दुकानातली दहा कामं काढायचा. चष्मेवाला आता रुग्णांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायचा. तिला पाणी आणून द्यायचा, काकांची विचारपूस करायचा. काका बुटांच्या नाड्या बांधत बसायचे. दुकानातल्या कोट्याही आटल्या. तब्येत बरी नाही का, असं गिऱ्हाइकं विचारू लागली की तो चिडायचा.

एका सकाळी नवराबायको स्वयंपाकघरातच गप्पा मारत बसली होती. पाठीमागे गॅसवर दूध. त्यांची लेक आली ती दारातूनच ओरडत. गॅसवर विरळ धूर, पातेलं काळंठिक्कर. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि दोघांकडे बघत राहिली. "जिन्यापर्यंत करपल्याचा वास येतोय. तुम्हाला कळलं नाही?"

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "मला वास येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अहो, तुमचं काय?"

त्याने खोल श्वास ओढून वास शोधून पाहिला. तिला तेवढं पुरलं. तिने आपला थरथरणारा हात त्याच्या हातावर ठेवला. वास कधी गेला तिथपासून चष्मेवाल्याला यंत्रावरून काढलं तिथपर्यंत तो सगळं सांगत गेला, ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "माझ्यापासून लपवलंत, ते मी गिळीन. पण तो मुलगा माझी खुर्ची ढकलतोय, आणि तुम्ही बघताय."

दुसऱ्या दिवशी त्याने चष्मेवाल्याला हाताला धरून डॉक्टरबाईंच्या खोलीत नेलं. "मान सरळच होती, बाई. याचा पट्टाही बरोबर, तुमचं यंत्रही बरोबर. खोटं मी बोललो." नाकाची सगळी हकीगत सांगितली. कोटी एकही केली नाही.

बाईंनी त्याचं जुनं चित्र काढून समोर ठेवलं. मग म्हणाल्या, खात्रीसाठी पुन्हा स्कॅन काढावा लागेल, आणि तो हाच काढील.

पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तो बाक, पुन्हा खोबण. चष्मेवाल्याने पट्टा बांधला, बोटाने ताण तपासला, थोडा सैल केला. "टोचत नाही ना, काका?"

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. बेकरीवाल्याचे डोळे भरून आले. चष्म्यामागचे डोळे अगदी वर, समोर होते, आणि पट्ट्यामुळे त्याला मान खाली घालायचीही सोय नव्हती.