मागाच्या खड्ड्यातलं धान्य

काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी डबा वाजवत. बसायच्याही आधी. मधल्या बोटाचं पेर डब्यावर टकटक आपटायचं, कान जरा तिरका करायचा आणि निकाल द्यायचा, "अर्धाच हाये." मग पुढचं वाक्य ठरलेलं. "वेळ का सांगून येते, बाई?" तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर मी काय सोसलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नसेल तर ऐका.

नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे त्यांचं घर होतं आणि मी त्यांची भाडेकरू. मी शाळेत शिकवत असे. माझे यजमान सावनेरकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहिल्या बसनं परत जायचे. काकाजींचं घराणं विणकरांचं, पण त्यांनी स्वतः तरुणपणीच माग सोडून गिरणीत नोकरी धरली होती आणि आता निवृत्त झाले होते. मला दिलेल्या खोलीत पूर्वी त्यांच्या वडलांचा हातमाग होता. विणणारा ज्यात पाय सोडून बसतो तो खड्डा अजून तसाच होता, वर फळ्या टाकलेल्या. खोली दाखवताना ते म्हणाले होते की खड्ड्यात थोडं सामान आहे, तेवढं राहू द्या. भाडं कमी होतं, मी हो म्हटलं. आयुष्यात अविचारानं जे जे हो म्हटलं, त्यात ह्याचा नंबर बराच वरचा.

थोडं सामान म्हणजे तांदळाचं एक पोतं, गव्हाची दोन, आणि तुरीच्या डाळीचे डबे. खड्डा भरल्यावर सामान वर आलं. माझ्या पलंगाखाली खडेमीठ आलं. दाराआड घासलेटचे डबे आले. कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या तर माझ्या साड्यांच्या पेटीमागे रचल्या गेल्या, आणि वर्षभर मी साबणाच्या वासाच्या साड्या नेसून वर्गात उभी राहिले. दर रविवारी सकाळी काकाजी दारात हजर. "बाई, पलंग जरासा सरकवता का?" मग कडुलिंबाचा वाळका पाला बदलायचा, उंदरानं कुठं कुरतडलं ते पाहायचं. माझे यजमान आठवड्यातून एक दिवस घरी असायचे, आणि तो एक दिवस ते काकाजींबरोबर पोती हलवण्यात घालवायचे.

एका एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या खोलीच्या माळ्यावर चढवलेल्या गुळाला पाझर फुटला आणि सहावीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकांवर रात्रभर ठिबकत राहिला. सकाळी सगळा गठ्ठा एकजीव झालेला. मुख्याध्यापिकांनी तो दोन बोटांनी उचलून मला विचारलं की हे काय आहे, आणि मला खरं सांगावं लागलं. काकाजींना सांगितलं तर त्यांनी विचारलं, गूळ किती गेला.

एकाहत्तरच्या लढाईची गोष्टही तशीच. ब्लॅकआउट होणार असं ऐकताच त्यांनी कधीची जपून ठेवलेली मेणबत्त्यांची पेटी काढली. तीनचार नागपुरी उन्हाळे पत्र्याच्या पेटीत काढलेल्या त्या मेणबत्त्या. आत एकच पांढरा गोळा होता आणि त्यातून वाती डोकावत होत्या. मी हसू दाबत उभी. ते म्हणाले, "वाती तं हायेत ना." पंधरवड्यात लढाई संपली. सगळी गल्ली पेढे वाटत होती आणि हा एक माणूस जरा हिरमुसलेला दिसत होता.

मग दुष्काळाचं साल आलं. रेशनवर मायलो मिळू लागला, ती लाल परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. आता काकाजी खड्डा उघडतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तर वाटच पाहत होत्या. काकाजींनी उघडला नाही. हे काहीच नाही, म्हणाले, खरी वेळ पुढंच आहे. स्वतःही तीच भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळत आणि काकूंना गिळायला लावत. आणि मी गव्हाच्या दोन पोत्यांवर पलंग टाकून उपाशी पोटी झोपत असे.

त्यातच माझी दीड वर्षाची मुलगी आजारी पडली. पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, चार दिवस नुसती तांदळाची पेज द्या. रेशनच्या दुकानात तांदूळ नव्हता आणि बाजारात हिंडूनही मिळाला नाही. यजमान सावनेरला. मी वाटी घेऊन काकाजींच्या ओसरीवर गेले आणि सांगितलं की मुलीसाठी थोडा तांदूळ हवा आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "आता खोलला तं पुढं का खासान, बाई?" म्हणाले, आणि वर्तमानपत्र उलटलं.

मी खोलीत परत आले. दार लावलं, पलंग सरकवला, फळी उचलली आणि विळीनं पोत्याची शिवण कापून शेरभर तांदूळ काढला. चोरीच ती. पण पश्चात्ताप मुळीच झाला नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली. मी पोतं जमेल तसं शिवून टाकलं.

रविवारी काकाजी आले. फळी उचलली. विणकराच्या घरच्या माणसाला माझे आडवेतिडवे टाके दिसायला कितीसा वेळ लागणार? मी तयारीत होते. खोली सोडा म्हणाले तर सोडणारच होते, पण चार शब्द ऐकवून.

"तुमी काढले?"

"हो."

"मांगाचे होते."

"मागितले होते, काकाजी. ओसरीवर उभी होते. हातात वाटी होती."

ते फळी बाजूला ठेवून खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून, माझ्याकडे पाठ करून. मग बोलायला लागले. लहानपणी सूत आलं नाही की माग थांबायचा, आणि माग थांबला की दोनचार दिवसांत पीठ संपायचं. मग आई त्यांना वाटी देऊन शेजारी पाठवायची. भावंडांत सगळ्यात थोरले तेच, म्हणून नेहमी तेच. "देत होते लोक. नाई नाई म्हणलं कोनी," ते म्हणाले. "पन उभं राहा लागे, बाई. देईपर्यंत उभं राहा लागे." आणि मग खड्ड्याकडेच पाहत हळू म्हणाले, "अन् म्या तुमालेच उभं केलं."

माझे चार शब्द माझ्याजवळच राहिले.

त्याच दिवशी त्यांनी सगळी पोती अंगणात काढली. तांदूळ चांगला निघाला. गव्हाचं एक पोतं बरं होतं. दुसऱ्यात हात घातला तर नुसता भुसा आणि वळवळणारे सोंडे. काकू सूप घेऊन बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना नवऱ्याला उलटून बोलताना ऐकलं नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले मायलो चारला अन् गहू सोंड्याइले." काकाजी मान खाली घालून पाखडत राहिले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पाच-सहा घरांत ते स्वतः तांदूळ पोचवून आले. मागायला कुणाला दारात येऊ दिलं नाही.

ते सुधारले, असं तुम्हाला वाटत असेल. पुढच्या हंगामात खड्डा परत भरला. परत रविवार, परत पलंग. फरक एवढाच की आता गल्लीत कुणाचा डबा वाजवून तो रिकामा लागला, तर दुपारी त्याच्या दारात पिशवी येऊन पडायची. लोकांना ह्याचाही त्रास व्हायचा. डबा घासून वाळत घातला होता, एवढंच कारण असायचं.

आम्ही घर सोडून गेलो त्याला काही वर्षं झाली आणि कळलं की काकाजी सरकारी दवाखान्यात आहेत. भेटायला गेले तर अंग पार वाळलेलं. उशी उंच वाटली म्हणून नीट करायला गेले, तर खाली रुग्णांना सकाळी मिळतो त्या ब्रेडचे तुकडे, आणि मुंग्या. मला राग आवरला नाही. इथंही साठवता का, म्हटलं, हे खाल तर उठाल.

त्यांनी नुसते डोळे वळवले. शेजारच्या खाटेवर उमरेडकडचा एक शेतमजूर होता. त्याची बायको खाली भिंतीला टेकून बसलेली. रुग्णाला जेवण मिळे, तिला कोण देणार? वॉर्डातल्या नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ती नळावर जाई तेव्हा काकाजी ब्रेड तिच्या पिशवीवर ठेवून देत आणि डोळे मिटून घेत.

दोन दिवसांनी गेले तर खाट रिकामी. गादी गुंडाळलेली. पहाटे गेले, असं नर्सनं सांगितलं. मी तशीच उभी राहिले. ती बाई भिंतीपाशी होती, माझ्याकडे पाहत नव्हती.

मी फाटकाबाहेरच्या दुकानातून ब्रेडचा पुडा आणला आणि तिच्याजवळ ठेवला. तिनं दोन तुकडे पाण्याबरोबर खाल्ले. उरलेला पुडा नीट मिटला, पदरात बांधला आणि गाठ ओढून घट्ट केली.