दाजींच्या उजव्या हाताची जागा

निवृत्तीच्या दिवशी खात्यानं मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. पुढच्याच महिन्यात मी हैदराबादला जाऊन स्वतःसाठी एक डिजिटल कॅमेरा आणला. उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर चढून लोकांचे आवाज जोडण्यात गेला होता. आता जमिनीवर उभं राहून त्यांची तोंडं बघावीत, असं मनात होतं.

पहिला कॅमेरा खिशात मावणारा होता. वर्षभरात मोठा आला, लेन्स बदलता येणारा. त्याच्यामागून दुसरी लेन्स, तिपाई, खांद्याची पिशवी आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळं दोन जादा बॅटऱ्या. फोटोपेक्षा मला सामानाचाच नाद जास्त होता, हे कबूल करतो. लेन्सला आतून बुरशी धरते असं कळल्यापासून तर माझी झोपच उडाली. बसवकल्याणच्या बाजारात चपलांच्या दुकानांतून फिरून मी बुटांच्या खोक्यातल्या, ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या मागून आणायचो आणि घरातल्या सगळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पुड्यांवर लेन्स निजवायचो. तो डबा पापडांचा होता. बायको म्हणायची, "माझे पापड मऊ पडले तरी चालतंय. तुमच्या बाईसाहेबाला सर्दी नगं व्हायला."

लेन्सवरची धूळ उडवायला मी औषधाच्या दुकानातून लहान मुलांच्या एनिमाचा रबरी फुगा आणला होता. दुकानदारानं विचारलं, "कित्ते महिने का बच्चा है साब?" मी म्हणालो, "दो महिने का." कॅमेरा येऊन तेवढेच दिवस झाले होते.

पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे आणि ते आम्ही वर्षभर पुरवायचो. आता ती धास्ती गेली. पहिल्या वर्षी मी किल्ल्यावरच्या घारी काढल्या, बाजारातल्या शेळ्या काढल्या, दारातला एकच कडुलिंब इतक्या वेळा काढला की बायकोनं विचारलं, ह्याचं लगीन ठरवायलाव का काय. मग लोक मला बोलावू लागले आणि झाडं सुटली.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या भागात घरटी एक तरी माणूस बाहेर असतो. कुणी पुण्याच्या कारखान्यात, कुणी हैदराबादला बांधकामावर, कुणी मुंबईला. सगळे एकदम गावात आहेत असा दिवस सणालाही उगवत नाही. म्हणून इथं घरच्यांचा फोटो काढताना जागा सोडायची रीत पडली आहे. जो नाही त्याची जागा त्याच्या वयाच्या मानानं दोघांच्या मध्ये एका अंगाएवढी मोकळी ठेवायची आणि फोटो काढायचा. पुढं कधी तरी त्याचा फोटो टपालानं येतो आणि स्टुडिओवाला तो कातरून तिथं चिकटवतो. जुन्या फोटोंत अशा माणसांची डोकी हमखास मोठी दिसतात आणि पाय जमिनीला टेकलेले नसतात.

हे काम मी कॉम्प्युटरवर शिकलो. आमच्या स्टुडिओवाल्या चाचांच्या शेजारी बसून, त्यांच्या शिव्या खाऊन शिकलो. उजेड कुठल्या बाजूनं आला, सावली कुठं पडली, पाय कुठं टेकले, हे सगळं जुळवायचं. कोहिनूर गावातल्या एका घरातली तीन भावांची जागा मी अशी भरली की त्यांची आईच विचारू लागली, ही पोरं कवा आली होती? त्यानंतर मी हवेतच होतो. टेलिफोनच्या तारा जोडणारा आता माणसं जोडतोय, असं लोक म्हणायचे आणि मी नको नको म्हणत ऐकून घ्यायचो.

माझी थोरली बहीण, अक्का, मुडबीला दिलेली. तिच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं राखायची. आता शेती आहे, पण दाजींच्या खांद्यावरची घोंगडी उन्हाळ्यातही उतरत नाही. दाजी म्हणजे कमी बोलणारा माणूस, आणि बोलला की तो शब्द परत घेता येत नाही असं मानणारा. त्यांच्या थोरल्या मुलानं, माझ्या भाच्यानं, पुण्याला कामावर असताना तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. मुलगी आपल्यातली नव्हती. दाजी एवढंच म्हणाले, "ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस." त्यानं ठेवला नाही. सुरुवातीला एसटीडी बूथवरून माझ्याकडं दोन-तीन फोन आले, मग तेही थांबले. साऱ्या तालुक्याच्या लाइनी मी दुरुस्त केल्या, पण माझ्या बहिणीच्या घरातली ही एक लाइन मला जोडता आली नाही. मला याची लाज वाटायची. अजून वाटते.

भाच्याला घर तुटून आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका दिवाळीला अक्कानं मला बोलावलं. "घरच्यांचा फोटू काढ," म्हणाली. धाकटा मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, माहेरी आलेली लेक, सगळे घराच्या पुढच्या, चुना लावलेल्या भिंतीपुढं उभे राहिले. मध्ये दाजी. त्यांच्या डाव्या हाताला अक्का. उजव्या हाताला धाकटा जाऊ लागला तर अक्कानं त्याला दंडाला धरून पलीकडं सरकवलं. "हितं जागा सोड," ती म्हणाली. कुणाची, ते तिनं सांगितलं नाही.

सगळ्यांनी दाजींकडं बघितलं. दाजी समोर बघत राहिले. व्हय म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत. मी तिपाई लावली, उजेड मोजला आणि त्यांना हसवायचा प्रयत्न केला. मराठीत "हसा" म्हणालो, कन्नडात "नग्री" म्हणालो, चाचांच्या बोलीत "जरा हसो" म्हणालो. दाजी तिन्ही भाषांत हसले नाहीत. पण जागेवरून हललेही नाहीत, आणि जागा तशीच राहिली.

घरी आल्यावर माझ्या अंगात आलं. अक्कानं जागा सोडली म्हणजे ती भरायची, याबद्दल मला शंकाच नव्हती. ती सांगायला संकोचली, एवढंच. माझ्याकडं भाच्याचा एक जुना फोटो होता, तो पुण्याला जाण्याआधी काढलेला, पांढरा सदरा, बारीक मिशी. आठवडाभर मी त्यावर बसलो. चुन्याच्या भिंतीवर त्याची सावली पाडली. दाजींच्या घोंगडीची कड त्याच्या बाहीवर हलकेच आणली. चाचांनीसुद्धा चष्मा वर करून "क्या काम किया है" म्हटलं. मोठा प्रिंट काढून, चौकट करून, कागदात गुंडाळून मी मुडबीची बस धरली. सबंध वाटभर अक्काच्या डोळ्यांत आलेलं पाणी मला आधीच दिसत होतं.

पाणी आलं, पण मी समजत होतो ते नव्हे.

तिनं फोटो मांडीवर घेतला, पोराच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि मग एकदम हात काढून घेतला. "हे काय करून ठिवलास?" ती म्हणाली.

"जागा सोडली होतीस की."

"त्याला यायला सोडली होती. तू भरून टाकलास. आता त्यानं कामून यावं? हितं तर उबाच हाय." ती मोठ्यानं बोलत नव्हती, तेच मला जास्त लागलं. "बाकीची लेकरं कामाला गेल्यात. त्येंची जागा चिकटवून भरली तर भरू दे. माझं रुसून गेलंय. रुसलेल्याची जागा भरत्यात व्हय?"

तासन्‌तास सावल्या मोजत बसलेला मी, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. स्वतःच्या कामावर मी इतका खूश होतो की ते कुणासाठी करतोय ते विचारायचं राहूनच गेलं. मला फार वाईट वाटलं, आणि नेहमीच्या सवयीनं मी चिडलो. कागद गोळा करून निघायच्या बेतात होतो.

तेवढ्यात दाजी आतून आले. त्यांनी फोटो अक्काच्या मांडीवरून उचलला, दाराच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "एवढा बारीक न्हाई आता. अंग धरलंय त्यानं."

अक्का त्यांच्याकडं बघतच राहिली. "तुमाला काय ठाव?"

दाजी उंबऱ्यावर बसले. दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या लग्नाला ते पुण्याला गेले होते, ते आम्हाला माहीत होतं. मधल्या दिवशी ते मांडवातून निघून गेले होते, ते माहीत नव्हतं. गावच्या एका पोराकडून त्यांनी भाच्याच्या कारखान्याचा पत्ता आधीच काढला होता. समोरच्या चहाच्या टपरीवर, घोंगडी डोक्यावरून घेऊन ते सकाळपासून बसले. दुपारच्या सुट्टीत भाचा बाहेर आला, गाड्यावरून केळी घेतली आणि परत आत गेला.

"हाक न्हाई मारलाव?" अक्कानं विचारलं.

"तोंड उघडंना," दाजी म्हणाले. "मीच बोललो होतो न्हवं."

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. घडीवर फाटायला आलेला होता, पण त्यावरचा कारखान्याचा पत्ता वाचता येत होता. दोन वर्षं तो कागद त्यांच्या खिशात होता आणि शेजारी बसून जेवणाऱ्या माझ्या बहिणीला त्याचा पत्ता नव्हता. मला दाजींचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. मला त्या टपरीवर त्यांच्याजवळ कुणी तरी असायला हवं होतं असं वाटलं.

मी बसवकल्याणला परतलो आणि भाच्याला त्या फोटोतून काढलं. त्याला उभं करायला आठवडा लागला होता, काढायला एक बटण पुरलं. जागा मोकळी असलेला प्रिंट काढला, भाच्याला धाडायला त्या पत्त्याच्या पाकिटात घातला आणि मुडबीला फोन करून विचारलं, सोबत काय लिहू?

दाजींना त्यांची पोरं अप्पा म्हणायची. अक्का म्हणाली, "काय लिवू नगंस. अप्पाच्या उजव्या हाताला जागा हाय आन्‌ अप्पा हललं न्हाईत, हे त्याला दिसतंय की."

पाकीट टपालात टाकलं. त्यानंतर चार महिने काही नाही. कारखाना बदलला असेल, पाकीट हरवलं असेल, बायको नको म्हणाली असेल, असे सगळे तर्क मी करून बघितले. दर आठवड्याला अक्का फोनवर फक्त माझ्या तब्येतीची चौकशी करायची. कॅमेरा मी पापडाच्या डब्यात ठेवून दिला आणि बरेच दिवस काढला नाही.

मग उन्हाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला. "सामान घेऊन ये," एवढंच म्हणाली. तिचा आवाज तीस वर्षांनी लहान झाला होता.

मुडबीला पोचलो तेव्हा सगळे चुन्याच्या भिंतीपुढं आधीच उभे होते, दिवाळीच्या फोटोतल्यासारखे, ज्याच्या त्याच्या जागी. दाजींच्या उजव्या हाताला तीच मोकळी जागा. आणि उंबऱ्याच्या खाली, अंगणात भाचा उभा होता. खरंच अंग धरलं होतं त्यानं. त्याच्या मागं डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको आणि तिचं बोट धरून पाच-सहा वर्षांची मुलगी. जागा एकाची सोडली होती आणि आले होते तिघं.

भाचा एकटाच पुढं झाला. दाजींच्या पाया पडला आणि शेजारी उभा राहिला. त्याची बायको मुलीला घेऊन भिंतीच्या कडेला, चौकटीबाहेर सरकली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिचं तिला कळलं असावं. मी कॅमेऱ्यातून बघत होतो आणि बोट बटणावर होतं.

"थांबा पाव्हणं," दाजी मला म्हणाले.

ते डावीकडं सरकले. एक पाऊल, मग आणखी एक. अक्काला त्यांचा खांदा लागला तेव्हा तीही सरकली, तिच्यापलीकडची लेक सरकली, पोरं सरकली. "सूनबाई," दाजी समोर बघतच म्हणाले, "लेकराला उनात नगा उबं करू. हिकडं या."

ती आली. मुलगी दाजींच्या आणि भाच्याच्या मध्ये घुसली आणि तिनं दाजींची घोंगडी मुठीत धरली. आता काही केल्या सगळे माझ्या लेन्सात मावेनात. मी तिपाई उचलून मागं गेलो, अंगण संपलं, वाट ओलांडली आणि समोरच्या घराच्या पायरीला पाठ टेकली. तिथून मला फक्त अक्काचा आवाज ऐकू येत होता. ती एकेकाला दंडाला धरून आत ढकलत होती.

"आता कुणाची जागा सोडू नगा," ती सांगत होती. "चिकटून उबं ऱ्हावा समदी."