बाप्पाचा अंगठा

आमच्या अष्टमी गावातल्या घरी एक रीत आहे. घरात नवी सून आली की पहिल्या वर्षी पेणहून गणपती तिनेच मांडीवर घेऊन यायचा. रिक्षा-टेम्पो काही नाही, एसटीनेच. मूर्तीचं तोंड रुमालाने झाकायचं आणि तो रुमाल थेट घराच्या उंबऱ्यावरच काढायचा.

त्या वर्षी पाळी धाकट्या जावेची होती. सोबत मी, म्हणजे मधली, आणि थोरली जाऊ. थोरलीचं माहेर धरमतरकडचं, मिठागरावरचं. मी तिला पाठीमागे तोंडाळ म्हणायचे, आणि तोंडावरही एकदोनदा म्हणून झालं होतं. पेणच्या कारखान्यात तिने सोवळ्याच्या रंगावरून वाद घातला, स्टँडवर कंडक्टरला झापलं आणि बसमध्ये चढता चढता धाकटीला म्हणाली, "अशी काय धरलीस गो? तांदळाचं पोतं हाय का ते?"

मग पुढे खिडकीजवळची जागा पकडून तिने डोळे मिटले. तिला गाडी लागते. तेवढा वेळ बसमध्ये शांतता होती.

नागोठण्याजवळ एका खड्ड्यात बस अशी आदळली, की धाकटीने घाबरून मूर्ती घट्ट कवटाळली. लग्नातल्या हिरव्या बांगड्या खळकन वाजल्या. मी शेजारीच होते. रुमालाखाली बारीकसं काहीतरी कट्‌ झालं, ते आम्ही दोघींनी ऐकलं. धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "काही नाही, बांगडीच वाढली असेल." बांगड्या सगळ्या शाबूत होत्या.

दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. आळीतल्या बायका जमल्या होत्या, दोघी-तिघींचे मोबाइल वर होते. धाकटीच्या पायांवर पाणी घातलं, रुमाल काढला आणि बाप्पाच्या आशीर्वादाच्या हाताला अंगठाच नव्हता.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "नव्या सुनेच्या हातून पयल्याच वर्षी..." एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा ते दारात बोललं गेलं असतं, तर वर्षभर घरात दूध नासलं तरी पोरीचंच नाव निघालं असतं. धाकटीची मान खाली गेली. मी थोरलीकडे पाहिलं. आता ही तोंड उघडणार आणि पोरीचं काही खरं नाही, असं मनात आलं.

थोरलीने तोंड उघडलंच.

"माझी बांगडी लागली," ती म्हणाली. "रुमाल सारखा कराय गेलू बसमंदी. तिला कशाला बघता? अजून प्राणप्रतिष्ठा नाय झाली, अजून माती हाय ती. शाडू आना, बसवते अंगठा."

अख्ख्या प्रवासात तिने मूर्तीला बोटही लावलं नव्हतं.

संध्याकाळी मोदक वळताना मी हळूच विचारलं, "ताई, तुझी बांगडी कधी लागली? तू तर डोळे मिटून बसलेलीस."

"माझ्या पयल्या वर्साला आरतीत समई इझली," ती म्हणाली. "वारा व्हता. पन आख्ख्या आळीनं वरीसभर मलाच धरलं. तू तवा आली नव्हतीस." आणि लगेच, "पारी केवढी जाड केलीस ती! मोदक हाय का भाकरी?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिचं फक्त बोलणंच ऐकत आले होते. तोंडाळ मी तिला आजही म्हणते, कारण ती आहेच. पण आता लाडाने म्हणते.

तिने बसवलेला अंगठा चांगलाच जाडजूड झाला होता. सासूबाई दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "यंदा बाप्पाचा अंगठा सुजलाय वाटतं," आणि स्वतःच हसल्या.

पुढच्या वर्षी मूर्ती कुणीही आणली तरी चालणार होतं. पेणला कारखान्यात ती उचलायची वेळ आली, तशी धाकटी दोन पावलं मागे सरली. हात पदराखाली. थोरलीने रुमाल नीट बांधला, मूर्ती उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"घे गो," ती म्हणाली. "काय झालं तर माझी बांगडी हाय."